नोकरी-घर सांभाळून दूरशिक्षणातून मास्टर्स : कुठे अडतं आणि कसं पार पडतं

प्रश्न थोडक्यात असा आहे की पदवी होऊन आठ-नऊ वर्षं झालीत, पूर्णवेळ नोकरी आहे, घरात लहान मूल आहे आणि आता दूरशिक्षणातून मास्टर्स करायचंय, तर ते झेपेल का, त्या डिग्रीला पुढे कोणी विचारतं का आणि इतक्या वर्षांनी अभ्यासाला बसायचं तरी कसं. मी बरीच वर्षं दूरशिक्षणाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या असाइनमेंट तपासतेय, संपर्क सत्रं घेतेय, डिझर्टेशनला, म्हणजे शेवटच्या संशोधन प्रबंधाला, गाइड म्हणून काम करतेय, त्यामुळे जे रोज बघते तेच सांगते. उत्तर लांबणार आहे, पण निर्णय दोन-तीन वर्षांचा आहे तर वाचा निवांत.

झेपेल का, तर हो, झेपतं. तुमच्यासारखीच माणसं पास होऊन जाताना मी बघते. पण मधेच सुटणारेही भरपूर बघते, आणि ते कुठे सुटतात हे कळलं की अर्धं काम होतं. विषय डोक्यावरून गेला म्हणून सोडणारे फार थोडे. बहुतेकजण सुटतात ते पहिली असाइनमेंट राहिली म्हणून. कॉलेजात चार दिवस दिसला नाहीत तर मैत्रीण फोन करते, सर हजेरीला नाव घेऊन विचारतात कुठे होतात म्हणून. इथे पोर्टलवर एक तारीख येते, निघून जाते आणि कोणी काही म्हणत नाही. मग दुसरी असाइनमेंट पडते, तेव्हा वाटतं आधी पहिली पूर्ण करू मग ही घेऊ, तोवर तिसरी आलेली असते, आणि नंतर नंतर तर पोर्टल उघडायलाच नको वाटतं, मेल आला तरी बघायला नको वाटतं, असं करत करत सहा महिने जातात आणि माणूस गळतो, म्हणजे नाव रजिस्टरला असतं पण माणूस नसतो. यात हुशारीचा काही संबंध नाही. उलट हुशार आणि नीटनेटकी माणसं यात जास्त अडकतात कारण त्यांना अर्धवट काही द्यायचं नसतं.

म्हणून माझा सगळ्यात मोठा सल्ला आत्ताच देऊन टाकते, बाकी सगळं त्याच्या पोटातच आहे : पहिली असाइनमेंट वेळेवर द्या, मग ती कशीही झालेली असो. चाळीस टक्केच लिहून झालंय, तेवढं द्या. तिच्यावर मार्क कमी पडतील, पडू देत, पण तपासून शेऱ्यांसकट परत येईल, आणि ती परत आली की तुमच्यात आणि संस्थेत येणं-जाणं सुरू झालं.

दूरशिक्षणाची सगळी गंमत या येण्या-जाण्यात आहे आणि ती पहिल्यापासून तिथेच आहे. १८४० च्या सुमाराला इंग्लंडमध्ये आयझॅक पिटमन टपालाने शॉर्टहँड शिकवायचे, विद्यार्थी उतारा शॉर्टहँडमध्ये लिहून कार्डावर पाठवायचे आणि पिटमन ते दुरुस्त करून परत पाठवायचे. छापील धडे त्याआधीही मिळत होते, दुरुस्त होऊन परत येणारं कार्ड ही नवी गोष्ट होती. पुढे १८५८ मध्ये लंडन विद्यापीठाने आपल्या परीक्षा बाहेरच्या माणसांना खुल्या केल्या, कुठेही राहून अभ्यास करा आणि परीक्षा द्या. नेल्सन मंडेला तुरुंगात असताना शिकत राहिले आणि १९८९ मध्ये त्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या युनिसामधून कायद्याची पदवी मिळवली, ते विद्यापीठ १९४६ पासून दूरशिक्षण देतंय. ब्रिटनचं ओपन युनिव्हर्सिटी १९६९ चं, पहिले विद्यार्थी १९७१ मध्ये. भारतात इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ म्हणजे इग्नू १९८५ चं आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चं. हे एवढ्यासाठी सांगितलं की हा काही कोविडनंतर निघालेला शॉर्टकट नाही, दीडशेच्या वर वर्षं माणसं असं शिकतायत. या क्षेत्रातले एक अभ्यासक मायकेल मूर यांनी १९७० च्या दशकापासून एक गोष्ट मांडली जी मला अगदी पटते, की विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यातलं अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नसतं, ते ठरतं दोघांत संवाद किती आहे आणि अभ्यासक्रमाची आखणी किती घट्ट किंवा किती सैल आहे यावरून. दोनशे जणांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसलेला मुलगा त्याच खोलीत असूनही लांब असतो आणि दर महिन्याला शेरे वाचून उलट प्रश्न विचारणारी बाई दुसऱ्या देशात असूनही जवळ असते.

आता तासांचा हिशोब, जो प्रवेश घेण्याआधी करायचा असतो आणि जवळजवळ कोणीच करत नाही. माहितीपत्रकात क्रेडिट लिहिलेले असतात, त्याचे तास करा. ब्रिटनमध्ये मास्टर्स साधारण १८० क्रेडिटचं आणि एक क्रेडिट म्हणजे १० तास, म्हणजे १८०० तास. युरोपातल्या ईसीटीएस पद्धतीत मास्टर्स ६० ते १२० क्रेडिटचं आणि एका क्रेडिटला २५ ते ३० तास. इग्नूमध्ये एक क्रेडिट म्हणजे ३० तास. या तासांत वाचन, लिखाण, परीक्षेची तयारी सगळं धरलेलं असतं. १८०० धरले तर दोन वर्षांत संपवायला आठवड्याला १७ तास लागतात, एकही आठवडा न चुकवता. तीन वर्षांत साडेअकरा. पूर्णवेळ नोकरी आणि घरात लहान मूल असताना दहा-बारा तास निघतात, तेही घरच्यांची साथ असली तर. सतरा निघत नाहीत, थोडे दिवस निघतात आणि मग तब्येत तरी बिघडते नाहीतर नोकरीत तरी गडबड होते. म्हणून तुमच्या जागी मी सरळ तीन वर्षांचा आराखडा करीन. बहुतेक ठिकाणी कमीत कमी कालावधी आणि जास्तीत जास्त कालावधी असे दोन आकडे दिलेले असतात, त्यातला दुसरा आकडा आधी शोधा, तो तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे. लवकर संपलं तर चांगलंच.

डिग्रीला किंमत आहे का याचं एकच एक उत्तर नसतं, कारण नियम देशागणिक आणि कोर्सागणिक वेगळे आहेत. मूळ तत्त्व एवढंच की डिग्री जिथे वापरणार तिथला नियम बघायचा, आणि तो तिथल्या नियामक संस्थेच्या साइटवर बघायचा, विद्यापीठाच्या जाहिरातीत नाही. भारतात यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या म्हणजे डीईबीच्या साइटवर कुठल्या संस्थेला कुठला कोर्स कुठल्या वर्षासाठी चालवायची परवानगी आहे याची यादी असते, आणि संस्था ओळखीची असली तरी तुमचा कोर्स आणि तुमचं प्रवेशाचं वर्ष त्या यादीत आहे का हे बघावंच लागतं. मान्यता असलेल्या मुक्त आणि ऑनलाइन पद्धतीच्या पदव्या नेहमीच्या पदव्यांच्या बरोबरीच्या धराव्यात असं यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलंय, पण यूजीसीच्याच नियमांत इंजिनीअरिंग, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, आर्किटेक्चर असे बरेच कोर्स आणि पीएचडी दूरशिक्षणातून चालत नाही हेही आहे. अमेरिकेत संस्थेला अ‍ॅक्रेडिटेशन देणारी एजन्सी तिथल्या शिक्षण खात्याने किंवा सीएचईए या अशा एजन्सींना मान्यता देणाऱ्या परिषदेने मान्य केलेली आहे का हे बघायचं. ब्रिटनमध्ये संस्थेला पदवी द्यायचा अधिकार आहे का हे बघायचं. आणि ज्या कामाला लायसन्स लागतं, म्हणजे समुपदेशन, शिक्षकी, कायदा वगैरे, तिथे पदवी मान्य असूनही व्यावसायिक मंडळ आपली वेगळी अट घालू शकतं, तेव्हा त्या मंडळाला लेखी विचारा.

अ‍ॅक्रेडिटेशनचं नुसतं बोधचिन्ह बघून खूश होऊ नका. २०१५ मध्ये कराचीच्या अ‍ॅक्झॅक्ट कंपनीचं प्रकरण न्यूयॉर्क टाइम्सने बाहेर काढलं, शेकडो साइट होत्या, विद्यापीठं खोटी, प्राध्यापक म्हणून दिसणारे लोक भाड्याचे, आणि त्यांना मान्यता देणाऱ्या संस्थाही त्यांनीच उभ्या केलेल्या. साधी खूण म्हणजे अनुभवाच्या जोरावर अख्खी मास्टर्स देतो, महिन्याभरात देतो, फी एकरकमी भरा आणि आज भरली तर सूट, असं कोणी म्हणालं की फोन ठेवायचा.

नोकरी देणारे काय म्हणतात, तर त्यातही फरक पडतोय. जॉर्जिया टेकने २०१४ मध्ये कॉम्प्युटर सायन्सचं ऑनलाइन मास्टर्स सुरू केलं, तिथल्या डिग्रीवर ऑनलाइन असा शब्दही नसतो, डिग्री तीच. तरी तुमच्या कंपनीत बढतीसाठी ही डिग्री धरतात का हे एचआरला ईमेलवर विचारा, तोंडी नको, उत्तर जपून ठेवा. आणि एक मनापासून सांगते, मुलाखतीत दूरशिक्षण हा शब्द खाली मान घालून उच्चारणारी माणसं बघितली की मला वाईट वाटतं. नोकरी करत तीन वर्षं अभ्यास रेटला ही सांगण्यासारखी गोष्ट आहे, ती सरळ सांगा आणि डिझर्टेशनमध्ये काय केलं ते दोन मिनिटांत सांगता येईल अशी तयारी ठेवा.

कोर्स निवडताना लोक फी आणि नाव बघतात. बघा, पण त्याबरोबर चौकशी खिडकीला किंवा विभागाला हे विचारा की असाइनमेंट तपासून किती दिवसांत परत येते आणि त्यावर शेरे असतात की नुसते मार्क. या एका प्रश्नाच्या उत्तरावरून संस्था कशी आहे ते मला कळतं. जिथे नुसते मार्क येतात तिथे तुम्ही एकटेच शिकणार आहात हे धरून चाला. मग लायब्ररी घरून उघडते का, परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची की घरी कॅमेऱ्यासमोर, डिझर्टेशनला गाइड संस्था देते की तुम्ही शोधायचा, आणि मधे सेमिस्टर सोडायचं झालं तर काय करावं लागतं. हे विचारताना तुम्हाला उत्तर किती लवकर आणि कसं मिळतं तेही बघा. फी भरायच्या आधी जे मेलला आठ दिवस उत्तर देत नाहीत ते नंतर देतील असं काही मला वाटत नाही. विषय पेपरनिहाय घेता येत असतील आणि फीही तशीच भरता येत असेल तर ते तुमच्या सोयीचं. पहिल्या सेमिस्टरला दोनच पेपर घ्या, जमलं तर पुढे वाढवा.

आता अभ्यास. पदवीला असताना जसं लिहायचात तसं इथे चालत नाही आणि हे कोणी समजावून सांगत नाही म्हणून जरा जवळून दाखवते. समजा प्रश्न आहे, 'घरून काम करण्याच्या पद्धतीमुळे संस्थांमधलं कर्मचाऱ्यांवरचं नियंत्रण कसं बदललं याचं चिकित्सक परीक्षण करा, १५०० शब्द.' माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात-आठ उत्तरपत्रिका सारख्याच असतात. पहिले पाचशे शब्द घरून काम म्हणजे काय, त्याच्या दोन व्याख्या, त्याचा इतिहास. पुढचे सातशे शब्द फायदे आणि तोटे, मुद्दे घालून, युनिटमधूनच म्हणजे संस्थेने दिलेल्या छापील पाठातूनच उचललेले. आणि शेवटी दोन ओळी, अशा प्रकारे नियंत्रणाच्या पद्धती बदलल्या आहेत असे दिसून येते. यात चूक काही नसतं पण प्रश्नाचं उत्तरही कुठे नसतं, कारण विचारलं होतं नियंत्रण कसं बदललं आणि त्याकडे तुम्ही चिकित्सक नजरेने कसं बघता. मी उत्तर हातात घेतलं की आधी शेवटचा परिच्छेद वाचते, मग संदर्भ बघते आणि मग मधे कुठे विद्यार्थ्याचं स्वतःचं एखादं वाक्य सापडतंय का ते शोधते. असं एक जरी वाक्य सापडलं, की उपस्थितीवर लक्ष ठेवणं कमी झालं पण त्याची जागा स्क्रीनवर लक्ष ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरने घेतली त्यामुळे नियंत्रण कमी झालं असं म्हणता येत नाही, ते फक्त कमी दिसायला लागलं, तर तिथे माझा पेन थांबतो आणि मार्क वर जातात. हे वाक्य सुचायला फार मोठी बुद्धी लागत नाही, नोकरी करणाऱ्या माणसाला तर हे रोज दिसत असतं. पण ते पानावर लिहायचं धाडस होत नाही कारण पदवीपर्यंत आपल्याला पुस्तकातलं लिहायची सवय लागलेली असते.

करायचं असं, की प्रश्न वाचून झाल्यावर काहीही न वाचता पाच ओळींत तुमचं उत्तर लिहा, चुकीचं असलं तरी. मग वाचायला घ्या आणि बघा की तुमच्या पाच ओळी टिकतायत का, कुठे मोडतायत, कोण तुमच्या बाजूने बोलतंय आणि कोण विरोधात. असं वाचलं की निम्म्या वेळात वाचून होतं कारण तुम्ही काहीतरी शोधताय. लिहून झालं की प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य वेगळं काढून एकाखाली एक ठेवा आणि वाचा. नुसती ती वाक्यं वाचून प्रश्नाचं उत्तर कळतंय का? कळत असेल तर असाइनमेंट उभी राहिली, कळत नसेल तर कुठला परिच्छेद निरुपयोगी आहे ते लगेच दिसतं. हे मी प्रत्येक बॅचला करायला लावते.

संदर्भांसाठी पहिल्या दिवसापासून झोटेरो हे संदर्भ साठवायचं सॉफ्टवेअर वापरा, फुकट आहे, जे वाचाल ते त्यात टाकत जा, डिझर्टेशनच्या वेळी मला दुवा द्याल. संस्थेची लायब्ररी तोकडी असेल तर डीओएजे या साइटवर फुकट वाचता येणारी खुली जर्नल आहेत, अनपेवॉल नावाचं ब्राउझरमध्ये बसवायचं साधन पेपरची खुली प्रत असेल तर दाखवतं, भारतातले पीएचडी प्रबंध शोधगंगेवर आहेत आणि इग्नूचं स्वयं-अध्ययन साहित्य ई-ज्ञानकोशवर. शोधनिबंध पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचा प्रयत्न करू नका, सारांश वाचा, निष्कर्ष वाचा, तक्ते बघा आणि मग गरज वाटली तरच मधलं. इंग्रजी जड जात असेल तर एक पेपर दोनदा वाचा, पहिल्यांदा अडलेल्या शब्दांवर न थांबता. दोन-तीन महिन्यांत त्याच विषयाचे तेच ते शब्द परत येतात आणि सोपं होतं.

कॉपी-पेस्टबद्दल, बऱ्याच जणांना वाटतं संस्थेनेच दिलेल्या युनिटमधून जसंच्या तसं लिहिलं तर काय बिघडलं. बिघडतं, तीही नक्कलच, आणि टर्निटिनसारख्या नक्कल पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सगळा परिच्छेद रंगून येतो. एआयकडून असाइनमेंट लिहून घेणाऱ्यांना मी एवढंच विचारते की या सगळ्या तीन वर्षांत तुमचा विचार कोणीतरी वाचून त्यावर तुम्हाला उत्तर देणार अशी जी काही मोजकी ठिकाणं आहेत ती तुम्ही मशिनचं लिखाण पुढे करून का घालवताय? ते शेरे मग तुमच्यासाठी नसतातच. अवघड परिच्छेद समजून घ्यायला विचारा, संस्थेचा नियम परवानगी देत असेल तर स्वतःच्या उत्तरावर आक्षेप काढून घ्या, लिहा मात्र स्वतः.

लक्षात राहत नाही ही तक्रार मोठ्या वयात परत शिकणारे सगळेच करतात आणि त्याचं खापर वयावर फोडतात. माझ्या बघण्यात दोष बहुतेक वेळा पद्धतीचा असतो. रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग केला, विद्यार्थ्यांना उतारा देऊन एका गटाला तो परत परत वाचायला लावला आणि दुसऱ्याला वाचून मग न बघता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा परत परत वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणजे हायलायटर मारून तेच पान चौथ्यांदा वाचताना जे येतंय असं वाटतं ते टिकत नाही. युनिट वाचून झालं की पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर जे आठवेल ते लिहा, मग उघडून राहिलेलं बघा, आणि चार-पाच दिवसांनी परत एकदा. कंटाळवाणं आहे आणि आपल्याला काहीच येत नाही असं वाटायला लावतं, तरी हेच करा. तीन तासांच्या लेखी परीक्षेसाठी हाताने लिहायची सवयही यातच होते, कीबोर्डवर वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांचा हात पहिल्या तासातच भरून येतो हे मी परीक्षा हॉलमध्ये बघते.

वेळेचं सांगायचं तर रोज दोन तास असा नियम लहान मूल असलेल्या घरात टिकत नाही. माझ्याकडे एक नर्स होत्या, ड्युटी दर आठवड्याला बदलायची, त्यांनी वेळापत्रक घड्याळावर न लावता रोस्टरवर लावलं. रोस्टर हातात आलं की त्या आठवड्यातल्या तीन जागा पक्क्या करायच्या, त्यातल्या दोन लिहिण्याच्या आणि एक वाचनाची, आणि ते घरात सांगून टाकायचं की या वेळात मी घरात असले तरी नाही असं समजा. त्यांचा पहिल्या असाइनमेंटच्या शेवटच्या दिवशी मला फोन आला होता की दोनच प्रश्न झालेत, पुढच्या सत्रात एकदम चांगलं लिहून देऊ का. मी म्हटलं आहे ते आत्ता अपलोड करा. मार्क कमीच आले, पण पहिल्या उत्तरावर मी लिहिलं होतं की वॉर्डमधलं जे उदाहरण तुम्ही एका ओळीत उरकलंय तेच खरं उत्तर आहे, ते वाढवा. दुसऱ्या असाइनमेंटमध्ये त्यांनी ते केलं आणि तिथून त्यांची गाडी लागली.

त्यांचंच डिझर्टेशन सांगते कारण विषय कसा निवडायचा ते त्यात चांगलं दिसतं. पहिल्यांदा आल्या तेव्हा विषय होता रुग्णालयातील संवाद. एवढ्या विषयावर दहा माणसं आयुष्य घालवतील. मी विचारलं संवादात तुम्हाला स्वतःला त्रास कुठे होतो? म्हणाल्या शिफ्ट बदलताना, आधीची सिस्टर जे सांगते त्यात काहीतरी राहून जातं आणि रात्री दोन वाजता कळतं. मग विषय झाला एका वॉर्डमध्ये शिफ्ट बदलताना तोंडी दिली जाणारी आणि लिहून दिली जाणारी माहिती, कुठली माहिती कशात राहते. आता याला सुरुवात आहे, शेवट आहे, माहिती कुठून आणायची ते स्पष्ट आहे. नोकरी करणाऱ्यांनी विषय कामाच्या जागेतूनच उचलावा असं माझं ठाम मत आहे, ती जागा तुम्हाला माहिती आहे आणि तिथे तुम्हाला प्रवेश आहे. फक्त परवानग्या लवकर मागा. संस्थेची नैतिक समिती, मग जिथे काम करता तिथलं व्यवस्थापन, याला महिने जातात आणि तोवर माहिती गोळा करता येत नाही, बरीच डिझर्टेशन लिखाणापेक्षा या टप्प्यावर लांबतात. गाइडला पूर्ण प्रकरण एकदम पाठवायची वाट बघू नका, दर महिन्याला तीन-चार पानं आणि त्याबरोबर एक नेमका प्रश्न पाठवा. 'मॅडम बघून सांगा' असा मेल आला की तो बाजूला राहतो, 'तक्ता दोनमधले गट बरोबर पाडलेत का' असा आला की त्याला उत्तर द्यावंच लागतं.

सोबत्यांशिवाय हे करू नका. प्रवेश झाला की पहिल्या संपर्क सत्राला, ऑनलाइन असलं तरी, तीन-चार जणांचे नंबर घ्या. मोठा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतोच, त्यात हॉलतिकीट कधी येणार आणि कोणाकडे नोट्स आहेत का एवढंच चालतं. चौघांचा छोटा गट करा आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास फोनवर बोला, कोणी काय वाचलं आणि कोणाचं काय अडलं. त्या चौघांतला एक गप्प झाला की बाकीच्यांनी फोन करायचा, कारण संस्था करणार नाही.

आणि ब्रेक घ्यावा लागला तर घ्या. आजारपण, दुसरं बाळंतपण, नोकरी बदलणं, घरात कोणाचं दुखणं, तीन वर्षांत यातलं एखादं तरी येतंच. फक्त सांगून घ्या. सेमिस्टर पुढे ढकलायचा अर्ज, पुनर्नोंदणीची शेवटची तारीख, काही ठिकाणी त्याची वेगळी फी, हे आधीच माहीत असू द्या. अर्ज करून थांबलेली माणसं बऱ्यापैकी परत येतात, न सांगता थांबलेली फार कमी येतात, निदान माझा अनुभव तरी तसा आहे. सहा महिने पोर्टल उघडलं नसेल तरी विभागाला एक मेल टाका की मला परत सुरू करायचंय, काय करावं लागेल. आम्हाला असे मेल नवीन नाहीत आणि कोणी रागावत नाही, तुमचं काय शिल्लक आहे ते बघून आम्ही पुढचं सांगतो.

शेवटी कागदपत्रं, कारण यात पास झालेल्यांचीही धावपळ होते. प्रत्येक सेमिस्टरची गुणपत्रिका आली की नाव, जन्मतारीख, विषयाचा कोड तपासा आणि चूक असेल तर तेव्हाच अर्ज करा, तीन वर्षांनी सगळं एकदम दुरुस्त करायला फार हेलपाटे पडतात. असाइनमेंट जमा केल्याची पोच, मेल किंवा स्क्रीनशॉट, डिग्री हातात पडेपर्यंत ठेवा, कारण जमा केलेली असाइनमेंट निकालात न दिसणं हा सगळीकडे घडणारा प्रकार आहे आणि तेव्हा पोच हाच पुरावा असतो. निकाल लागला की प्रमाणपत्राबरोबर ट्रान्सक्रिप्टच्या जास्तीच्या प्रती मागवून घ्या. आणि तुमच्या वर्षाचा पूर्ण अभ्यासक्रम, प्रत्येक पेपरच्या तपशिलासकट, पीडीएफमध्ये उतरवून ठेवा. परदेशात शिकायला किंवा नोकरीला गेलात तर पदवीचं मूल्यमापन करणारे काही वेळा तोच मागतात, आणि तोपर्यंत संस्थेच्या साइटवर नवा अभ्यासक्रम आलेला असतो, जुना सापडत नाही.